थरथर

केक अर्नी नावाच्या कुणाच्या तरी सत्तरीचा होता. नाव लिहायला मी क्रीमची पिशवी उचलली, नेहमीसारखं कोपर टेबलावर टेकवलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, श्वास रोखला, आणि लिहून झाल्यावर पाहिलं तर अक्षरं सरळ आली होती. सार्जंट रस्त्यावरच्या या बेकरीत मी इतकी वर्षं केकवर नावं लिहितेय आणि माझं अक्षर नागमोडी असतं हे विनिपेगच्या या भागात सगळ्यांना माहीत आहे. हात थरथरतो हे लपवायला मी फार पूर्वीच थरथरीची नक्षी करून टाकली. प्रत्येक रेघेला मुद्दाम थोडी लाट द्यायची, म्हणजे आपोआप आलेली लाट तिच्यात खपून जाते. लोकांना ते आवडलं. त्या बाईकडूनच लिहून द्या, असं बजावून केक सांगणारी गिऱ्हाइकं आहेत. आणि आज अर्नीचं नाव फळ्यावर मास्तरांनी लिहावं तसं आलं होतं. मी मनगट सोडलं, हात हवेत धरून पाहिला. तो जिथल्या तिथे राहिला.

शेजारच्या टेबलावर लुझ पाव कापत होती. ती मनिलाची, माझ्याहून बरीच लहान, आणि दुसऱ्याच्या टेबलावर काय चाललंय ते बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

"हे काय गं सोल्वेग," ती म्हणाली, "आज मशीननं लिहिलंस?"

"हातानंच लिहिलंय."

"मग बिघडलंय. म्हातारा म्हणेल, केक मागितला आणि बँकेचं पत्र पाठवलं."

मी वरून दोन-चार लाटा ओढल्या. त्या नकली दिसल्या. लुझनं मान वाकडी करून बघितलं आणि काही न बोलता पुन्हा पावाकडे वळली, म्हणजे तिलाही त्या नकली वाटल्या होत्या. मी डब्याचं झाकण लावून केक पुढे पाठवून दिला. मला आनंद झाला होता, आणि आनंद झाला की मी थोडी घाबरते, ही सवय आहे.

हात का थांबला हे मला माहीत होतं. मी मनाच्या आजारासाठी लिथियम घेते. रुना, माझी मुलगी, लहान होती तेव्हापासून घेते, आणि आता रुनालाच एक मुलगी आहे. लिथियम म्हणजे एक प्रकारचं मीठ, जमिनीतून निघणारं. त्याच्या आधी इस्पितळात दुसरी औषधं देऊन झाली होती. एकानं माझी मान एका बाजूला अडकवली आणि पाय थांबेनात. वॉर्डाच्या बोळातून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहायचे, बसले की आतून कुणीतरी उठवायचं. डोक्यातली गर्दी त्यानं पांगवली हे खरं, पण ती शांतता बसून भोगायची सोय ठेवली नाही. दुसऱ्यानं भूक दिली. उभ्या उभ्या अख्खा पाव, लोण्याशिवाय. मी तेव्हा या बेकरीत नुकतीच लागले होते, आणि मालक चांगला माणूस म्हणून त्यानं पाव मोजले नाहीत. मग लिथियम आलं. त्यानं उंच भाग कापून काढला, खोल भाग बुजवला, आणि जी सपाट जागा उरली तिच्यावर मी राहायला लागले. तिथे वारा नव्हता. तहान लागायची, तोंडाला धातूची चव यायची, हात थरथरायचा, आणि एकूण सगळं चाललं होतं. आई गेली तेव्हा मी वेळेवर पोचले, सँडविच केले, कोणाच्या कॉफीत किती साखर ते लक्षात ठेवलं आणि रडले नाही. चर्चच्या बायका म्हणाल्या, सोल्वेग किती खंबीर आहे. मला त्यांना सांगावंसं वाटलं की हा खंबीरपणा दुकानात मिळतो, डॉक्टरची चिठ्ठी लागते फक्त. पण त्यांना सांगायचाही पुरेसा उत्साह मला नव्हता.

लिथियमवाल्यांना अधूनमधून रक्त तपासून घ्यावं लागतं. ते अंगात कमी असलं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर विष, आणि या दोन्हींमधली पट्टी अगदी अरुंद आहे. त्या तपासणीचा एक नियम आहे. रात्रीची गोळी घ्यायची, मग सकाळी रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच तोंडात टाकायची. आधी टाकली तर आत्ता गिळलेलं सगळं रक्तात दिसतं आणि आकडा भलताच चढतो. म्हणून आम्ही सकाळची गोळी खिशात घेऊन लॅबमध्ये जातो. बाकड्यावर बसलेली माणसं बघून मला सांगता येतं, हा साखरेचा, ही थायरॉइडची, आणि तो कोपऱ्यात पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेला, एक हात कोटाच्या खिशात, तो आमच्यातला. सुई टोचून झाली की दंडावरचा कापूस दाबत आम्ही बाहेर बोळात येतो आणि गोळी गिळतो. कधी दोघं एकदमच गिळतात. मग एकमेकांकडे बघून मान हलवायची आणि आपापल्या बसला जायचं. नाव कुणी कुणाला विचारत नाही.

डिसेंबरातल्या त्या सकाळी मी बूट चढवत होते आणि रुनाचा फोन आला. तिची मुलगी स्वावा उभी राहिली होती. सोफ्याला धरून, स्वतःच्या पायावर, आणि मग स्वतःच दचकून खाली बसली. रुना हसत होती. ती फोनवर सहसा हसत नाही, माझ्याशी तर नाहीच. मी फोन कानाला लावूनच स्वयंपाकघरात गेले, गोळ्यांची डबी उघडली, गोळी पाण्याबरोबर घेतली, फोन ठेवला आणि निघाले. बसमध्ये बसल्यावर खिशात हात घातला तेव्हा बोटांना गोळी लागली नाही. उतरून परत जाता आलं असतं. पण बाहेर उणे तीस होतं, बसमध्ये ऊब होती, आणि एवढ्यानं काय होतंय असं मनाशी म्हणून मी रक्त देऊन आले. नंतर बोळात माझ्याकडे गिळायला काही नव्हतं. एक दाढीवाला गिळत होता, त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मीही हलवली.

माझे डॉक्टर रेम्पेल, त्यांच्या नर्सचा फोन आला. आकडा वर गेला होता. इतक्या वर्षांच्या लिथियमनंतर मूत्रपिंडं कुरकुर करायला लागतात, तेव्हा डॉक्टर धोका पत्करायला तयार नव्हते. "रात्रीची गोळी किती वाजता घेतली होती?" नर्सनं विचारलं. मी वेळ सांगितली, ती खरी होती. "उलट्या, जुलाब, तोल जाणं, असं काही?" नव्हतं. "मिठाचं पथ्य सुरू केलंय?" नाही. तिनं सकाळच्या गोळीबद्दल विचारलं नाही. इतकी जुनी पेशंट ही चूक करणार नाही असं तिला वाटलं असणार. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिनं सांगितलं की आजपासून सकाळची गोळी बंद, फक्त रात्रीची घ्यायची. मी बरं म्हटलं.

आठवडा गेला, दुसरा गेला. नाताळाच्या सुमारास आमच्या बेकरीत विनारतेर्ता करतात. पातळ पोळ्यांचे थर, मध्ये सुक्या आलुबुखाऱ्याचं सारण, सारणात वेलची. आइसलँडहून आमचे पणजोबा-खापरपणजोबा काय काय घेऊन आले होते ते सगळं विसरलं गेलं, हा केक उरला. इतकी वर्षं मी तो पाठांतरावर करत आले होते. सारणाचं पातेलं ढवळताना त्या दिवशी वेलची एकदम नाकात शिरली. शिरली म्हणजे थेट आईच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली, तिच्या निळ्या एप्रनला, खलबत्त्यात दाणे कुटताना ती दात कसे आवळायची तिथपर्यंत. मी पातेल्यासमोर उभी राहून रडले. आईसाठी मी तेव्हा पहिल्यांदा रडले. लुझनं माझ्या हातातला चमचा घेतला आणि ढवळायला लागली. "करपेल," एवढंच म्हणाली. रडून झाल्यावर मला इतकं बरं वाटत होतं की मी दुकानाच्या मागच्या दारातून बाहेर जाऊन थंडीत उभी राहिले. कचऱ्याच्या डब्यांवरचा बर्फ निळा होता. गाड्यांमधून निघणाऱ्या वाफेलाही रंग होता. हे सगळं इथे रोज असतं आणि मला बोलावलं नव्हतं.

आता मी आजारी नव्हते, हे सांगितलं पाहिजे. आजारपण मला ओळखता येतं, निदान मला तसं वाटायचं. झोप येत होती, थोडी कमी, पण येत होती. पैसे उधळले नाहीत. कुणाशी भांडले नाही. फक्त हात थांबला होता आणि जगाला चव आली होती. पुन्हा रक्त तपासायची वेळ आली तेव्हा मी बूट घालून दाराशी उभी राहिले. रात्रीची एकच गोळी, मग आकडा खाली येणार, आणि डॉक्टर म्हणणार, हे फार कमी झालं, सकाळची पुन्हा सुरू करा. मी बूट न काढताच स्वयंपाकघरात गेले. फरशीवर बर्फाचं पाणी पडलं. बंद केलेल्या गोळ्या बाटलीत होत्याच. त्यातली एक काढली, गिळली आणि लॅबला गेले. पहिल्या वेळी ती चूक होती. या वेळी नव्हती. नर्सचा फोन आला, आवाजात समाधान होतं. "अगदी मध्यावर आलाय आकडा. असंच चालू ठेवा." मी तिचे आभार मानले. फरशी मी आधीच पुसून ठेवली होती.

रुना दर रविवारी कॉफीला येते. तिचा नवरा मार्सेल बर्फ काढायच्या ट्रकवर असतो, हिवाळ्यातले त्याचे रविवार शहराचे. ती येते, दारातच बूट काढता काढता विचारते, "गोळ्या?" मी म्हणते, "घेतल्या." ती "हं" म्हणते. यात प्रेम किती आणि हजेरी किती हे आम्ही दोघींनी कधी तपासलं नाही. मग मी कॉफी ओतते आणि कपबशी तिच्यासमोर नेऊन ठेवते. बशी तिला लागतेच. पहिल्या पगारातून तिनं मला बारीक निळ्या काठाचा सेट आणून दिला आणि माझे सगळे जाड मग एका खोक्यात भरून चर्चला देऊन टाकले. "मगातून पितात ते ट्रकवाले," म्हणाली होती. पुढे ट्रकवाल्याशीच लग्न केलं, पण बशीचा हट्ट सोडला नाही. मी ओतून घेऊन येईपर्यंत ती बोलत नाही, खाली बघत बसते. मला वाटायचं, थकलेली असते.

जानेवारीतल्या एका रविवारी ती म्हणाली, "माझी रजा मार्चमध्ये संपते. पाळणाघरात जागा नाही. यादी इतकी लांब आहे की स्वावाचा नंबर लागेपर्यंत ती कॉलेजात जाईल."

"मग?"

"मग काय. दुकानात तुझे दोन दिवस सुट्टीचे असतात." ती कप बशीत फिरवत होती. "मार्सेलची आई तीन दिवस बघेल म्हणते. त्या बाईकडे टीव्ही बंद होत नाही, पण असो. राहिलेले तुझे दोन."

"मी बघू?"

"तू अम्मा आहेस ना तिची?"

आमच्यात आजीला अम्मा म्हणतात. मी होय म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की रुनानं वर बघितलं. "आधी एक दुपार बघू," ती म्हणाली. "मी दोन तासांत परत येईन. मग ठरवू." तिनं आजवर मला स्वावाबरोबर खोलीत एकटं सोडलं नव्हतं. ती बाथरूमला गेली तरी पोरीला कडेवर घेऊन जायची, आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. उजव्या पायाला करंगळी नसलेल्या बाईकडे तक्रार कुठल्या तोंडानं न्यायची.

रुना सात वर्षांची होती. फेब्रुवारी होता, दुपार होती, आणि सूर्याच्या दोन्ही बाजूंना दोन खोटे सूर्य उगवले होते. कडक थंडीत आमच्याकडे ते उगवतात, हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे. माझी अम्मा त्यांना लांडगे म्हणायची, एक सूर्याच्या पुढे पळतो, एक मागे लागतो. त्या दिवशी मला कळलं की ते माझ्यासाठी उगवलेत. कळलं म्हणजे जसं आपलं नाव आपल्याला कळतं तसं, त्यात शंकेला जागा नव्हती. रुनाला सर्दी झाली म्हणून ती घरी होती, पायजम्यात. मी तिला गाडीत घातलं आणि गिमलीला तळ्यावर नेलं, कारण तिथे क्षितिजापर्यंत मध्ये काही येत नाही. गाडी किनाऱ्यावर सोडून आम्ही बर्फावरून चालत गेलो. बर्फ खालून गात होता. तो खरंच गातो, कुणालाही विचारा. मी तिचा हात धरून सांगत होते की बघ, तिन्ही बघ. तिचा एक बूट कुठेतरी निघाला. ती रडत होती असं नंतर मला सांगितलं गेलं, मला ते रडणं गाण्यातलं वाटलं होतं. बर्फाखाली जाळी लावणारा एक मच्छीमार त्याच्या बर्फावर चालणाऱ्या साखळीपट्ट्यांच्या गाडीतून येत होता, त्यानं आम्हाला उचललं, पण तोवर रुनाच्या पायाची करंगळी गोठून गेली होती. पोलिसांना त्यानं सांगितलं, बाई फार आनंदात होती. तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलंय. माझा नवरा वॉल्टर रुनाला घेऊन ब्रँडनला निघून गेला, आणि तो चुकला असं मी कधीच म्हटलं नाही. रुना थोडी मोठी झाल्यावर, शाळेत असतानाच, आपण होऊन परत आली. उन्हाळ्यात ती उघड्या चपला घालते. पाय लपवत नाही, आणि मी बघत नाही.

ठरलेली दुपार फेब्रुवारीतच आली. मी घर उबदार केलं, टोकदार कोपऱ्यांना कापड बांधलं, विनारतेर्ताचा शेवटचा तुकडा रुनासाठी काढून ठेवला. रुना आली. दारात विचारलं, "गोळ्या?" मी म्हटलं, "घेतल्या." यात शब्दशः काही खोटं नव्हतं. स्वावा लाल टोपीत होती, गाल थंड सफरचंदासारखे. रुनानं तिला माझ्या हातात दिलं आणि टेबलाशी बसली, कोट अंगावरच. मी एका हातावर पोरगी घेऊन दुसऱ्या हातानं कपबशी आणली आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हात बरा दिसतोय," ती म्हणाली.

"हो, हल्ली बरा आहे."

"कधीपासून?"

"डॉक्टरांनी गोळी कमी केली ना. सांगितलं होतं मी तुला."

"सांगितलं होतंस," ती म्हणाली. कॉफीला तिनं हात लावला नाही. बाहेर तिची गाडी चालूच होती. थंडीत लोक गाडी चालू ठेवतात, त्यात विशेष काही नाही.

मी स्वावाला घेऊन खिडकीशी गेले. तिनं टोपी ओढून काढली. तिच्या केसांतून ऊन गेलं आणि प्रत्येक केस वेगळा दिसला. कानाची पाळी उजेडात गुलाबी झाली होती, नखांना कडा होत्या, एवढ्याशा, आणि प्रत्येक नखात खिडकी चमकत होती. मी वर बघितलं तर समोरच्या इमारतीच्या कोपऱ्यावर सूर्य होता आणि त्याच्या एका बाजूला लांडगा. दुसरा इमारतीआड असणार. गेली कित्येक वर्षं मी त्यांना बघून फक्त उद्याच्या थंडीसाठी जाड मोजे काढून ठेवत आले होते. आज मला वाटलं, हिला दुसराही दिसला पाहिजे. हे वाटणं मोठ्यानं आलं नाही. अगदी समंजस आवाजात आलं, भाजी आणायला हवी असं वाटावं तसं. ही इमारत मध्ये आहे, उघड्यावर गेलं तर तिन्ही दिसतील. रुना दोन तास येणार नाही. गिमलीचा रस्ता आज मोकळा असेल. आणि मी तिला गुंडाळायला कोणतं पांघरूण घ्यायचं हेसुद्धा ठरवून टाकलं होतं, बेडरूममधलं जाड हिरवं, कारण मी काही वेडी नव्हते, थंडीचं मला कळत होतं. पांघरुणाशी येऊन मी थांबले. त्या वेळीही मी रुनासाठी पांघरूण घेतलं होतं. ते गाडीत राहिलं होतं.

मला भीती वाटली. लिथियमवर असताना भीतीही घडी घातलेली असते, ही मात्र पूर्ण उलगडलेली होती, आणि ती वाटली म्हणून मी आजही देवाची ऋणी आहे. मागे रुना उठल्याचा आवाज आला. ती बुटांपाशी गेली होती, पण बूट घालत नव्हती. मी स्वावाला तिच्याकडे नेलं आणि तिच्या हातात परत दिलं. स्वावानं माझ्या स्वेटरचं बटण धरून ठेवलं होतं, ते सोडवावं लागलं.

"आज ठेवू नकोस हिला माझ्याकडे," मी म्हणाले.

रुनानं पोरीला कडेवर सावरून घेतलं.

"डिसेंबरात रक्त द्यायच्या आधी मी सकाळची गोळी घेतली होती. तू फोन केलास तेव्हा. स्वावा उभी राहिली म्हणून. चुकून घेतली. आकडा खोटा आला आणि त्यांनी गोळी कमी केली."

"आणि तू बोलली नाहीस."

"नाही."

"मग दुसऱ्यांदा रक्त दिलंस, तेव्हा?"

"तेव्हा मुद्दाम घेतली. आकडा बरोबर दिसावा म्हणून."

तिनं स्वावाची टोपी उचलून तिच्या डोक्यावर घातली, कानांवरून नीट खाली ओढली. तिला वेळ हवा होता. "का?" तिनं विचारलं. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"वेलचीचा वास आला," मी म्हणाले. याहून बरं उत्तर असायला हवं होतं. "आईसाठी रडू आलं. मला वाटलं, मेल्यावर जिवंत झाले. तुला नाही कळायचं."

"मला नाहीच कळायचं," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली, पोरीला मांडीवर घेऊन. "तुझा कप वाजत नव्हता, आई. नाताळापासून."

"कप?"

"ब्रँडनहून परत आले ना मी, तेव्हा रोज सकाळी अंथरुणात पडून ऐकायचे. तू ओट्यापासून टेबलापर्यंत कप आणायचीस आणि तो बशीत वाजत यायचा. वाजला की मी उठून शाळेत जायचे. एकदा तू बशीशिवाय मगातून प्यायलीस तर मी पोट दुखतंय म्हणून दिवसभर घरी बसले. आठवतंय तुला?"

मला पोटदुखी आठवत होती. आल्याचं पाणी करून दिलं होतं मी तिला.

"म्हणून बश्या," मी म्हणाले.

"म्हणून बश्या. मगातून काय कळणार?"

मी टेबलाकडे बघितलं. कॉफी गार झाली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की दाराशी फक्त तिचे बूट होते. दूध, लंगोट, खेळणी, दोन तासांसाठी आई जेवढं ओझं आणते त्यातलं काहीच नव्हतं. "स्वावाची बॅग?" मी विचारलं.

"गाडीत आहे."

"आत आणणार होतीस?"

रुनानं पोरीच्या जॅकेटची चेन वर ओढली, खाली ओढली. "माहीत नाही," ती म्हणाली. "मी बसले होते, तू काही बोलतेस का बघत. कोट काढला असता तर मी रडले असते." मग फोन काढून माझ्यापुढे धरला. "लाव नर्सला. माझ्यासमोर."

मी लावला. नर्सनं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा सुस्कारा सोडला. "पहिली चूक पुष्कळ जण करतात," ती म्हणाली. "दुसरी कुणी सांगत नाही." पुढच्या वेळी रक्त द्यायला रुना बरोबर आली. माझी सकाळची गोळी तिनं तिच्या हातमोज्यात ठेवली होती. सुई टोचून झाल्यावर बोळात तिनं ती माझ्या तळहातावर ठेवली, मोज्यातली ऊब लागलेली. बाकड्यावर एक तरुण मुलगा खिशात हात घालून बसला होता, त्यानं आमच्याकडे बघितलं. मी मान हलवली. आकडा अगदीच खाली निघाला, आणि सकाळची गोळी पुन्हा सुरू झाली.

हळूहळू सगळं मागे सरकलं. आधी बर्फाचा निळा गेला, मग वेलची गेली. वेलची गेली त्या दिवशी मी बरणी उघडून नाक आत घालून उभी राहिले होते. वेलची आहे हे कळत होतं, तेवढंच कळत होतं. मला वाईट वाटलं, खूप वाटायला हवं होतं, पण तोवर खूप वाटायची सोय बंद झाली होती. आईही पुन्हा लांब गेली. बेकरीत एका लग्नाच्या केकवर मी नाव लिहिलं, लुझनं डोकावून बघितलं आणि म्हणाली, "आलीस का परत?" तिला काय माहीत होतं आणि काय नाही, मी विचारलं नाही. लाटा बऱ्या आल्या होत्या.

मार्चमध्ये रस्त्यावरचा बर्फ काळा पडला. रुनाचा कामाचा पहिला आठवडा सुरू झाला आणि माझ्या सुट्टीच्या सकाळी ती आली, एका हातावर स्वावा, दुसऱ्या खांद्याला बॅग. दारात तिनं काही विचारलं नाही. स्वावाला तिनं टेबलाशी उंच खुर्चीत बसवलं आणि स्वतः उभीच राहिली, कोट घालून, खांद्यावर बॅग तशीच. मी कॉफी ओतली आणि ओट्यापासून निघाले. कप बशीत वाजत होता. मी तो थांबवायचा प्रयत्न केला नाही. इतकी वर्षं तो आवाज मी अंगठ्यानं कप दाबून लपवू बघत आले होते, आता अंगठा काढून घेतला. बशीत कॉफी सांडली. रुना खाली बघत होती, डोळे मिटून. कप टेबलावर टेकला तेव्हा तिनं डोळे उघडले आणि खांद्यावरची बॅग काढून जमिनीवर ठेवली.

"दूध दोनदा," ती म्हणाली. "झोपली नाही तर कडेवर घेऊन फिर, पण गाणं म्हणू नकोस, तुझं गाणं ऐकून ती आणखी जागी होते." कॉफीचा एक घोट तिनं उभ्या उभ्याच घेतला, पोरीच्या केसांवर ओठ टेकवले आणि गेली. दार ओढून घेताना तिनं मागे वळून बघितलं नाही. गाडी निघाल्याचा आवाज आला. स्वावा बशीकडे बोट दाखवून अं अं करत होती, तिला तो आवाज पुन्हा हवा होता. मी कप उचलून घेतला आणि तिच्यासाठी स्वयंपाकघरात एक फेरी मारली.